रेघांची दिशा

हाडाला रेघा कळतात, हा शोध लागला तेव्हा त्याचं कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्याही एका नटाच्या घटस्फोटाखाली. पुढं दहाएक वर्षांत मात्र कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतीत, जिथं आधी ट्रॅक्टरचे गिअर आणि पंपाचे पंखे निघायचे, तिथं माणसांचे जबडे निघायला लागले. गिअर करणाऱ्यांनीच ते केले. यंत्रं तीच, हत्यारं जरा बारीक, आणि शेडमध्ये शिरताना पायात प्लास्टिकच्या पिशव्या घालायच्या, एवढाच फरक.

शोध तसा साधा होता. हाड घालणाऱ्या पेशींना डोळे नसतात. त्या चाचपडत सरकतात. वाटेत केसाहून बारीक खाच लागली, की तिच्या कडेनं रांग धरतात आणि रांगेनंच हाड घालत जातात. तेव्हा करायचं ते एवढंच, की गेलेल्या हाडाच्या मापाचा सिरॅमिकचा तुकडा कापायचा, त्याच्यावर अशा खाचा मारायच्या आणि तो जागेवर बसवायचा. दोनेक वर्षांत सिरॅमिक अंगात विरघळून जातं आणि मागं राहतं ते त्या माणसाचं स्वतःचं हाड. रेघा दाट तिथं ते भरदार, विरळ तिथं पातळ.

या रेघा काढायचं काम त्रिशला मगदूमकडं होतं. ती हुपरीची सून. हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घरटी कुणीतरी पैंजणाला नाहीतर देवाच्या मुखवट्याला हात लावलेलाच. नवरा अभिनंदन मुखवटे घडवायचा, आणि मुखवट्यांचे साचे कॉम्प्युटरवरून कापायला त्रिशला लग्नानंतर शिकली. सासऱ्यांनी तिला पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "माणसं देवाला समोरनं बघत्यात. आधी समोरचं बघ. कानामागं जाऊन कोण बघतंय?" गौरीचा मुखवटा असो नाहीतर जत्रेतल्या देवीचा, सगळी कलाकुसर समोर आणि मागं पोकळ. जबड्यांचा कारखाना आला तेव्हा तिला तिथं लगेच घेतलं, कारण चेहऱ्यासारख्या उंचसखल आकारावर रेघ चालवायची तिच्याइतकी सवय पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला नव्हती.

कॉम्प्युटरवर रेघा आधी सपाट काढतात, शाळेच्या वहीसारख्या. मग त्या आकारावर सोडायच्या. या सोडण्याला प्रोजेक्शन म्हणतात, आणि कुठल्या दिशेनं सोडायच्या ते एका छोट्या चौकटीत निवडावं लागतं. 'समोरून' निवडलं, तर रेघा सरळ पडतात. पातेलं पालथं घालून त्याच्यावर सोऱ्यानं शेव पाडली तर बुडावर शेव दाट पडेल आणि कडेच्या उतारावर दोन शेवांत बोटभर अंतर राहील, तसं. 'लंब' निवडलं, तर प्रत्येक रेघ त्या त्या जागच्या पृष्ठभागाला काटकोनात येऊन टेकते, आणि बुड असो की उतार, अंतर सगळीकडं सारखं राहतं.

मग सगळीकडंच दाट मारा की, असं कुणीही म्हणेल. त्रिशलानंही सुरुवातीला म्हणून पाहिलं होतं. पण रेघा वाढल्या की हाड वाढतं आणि वाढत्या हाडाला रक्त लागतं. जबड्याच्या एका बाजूला रक्त मिळतं ते बेताचंच. त्याच्या वर गेलं तर नवं हाड मधूनच मरतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून रेघांची एकूण लांबी ठरलेली, आणि ती कुठं खर्च करायची एवढंच माणसाच्या हातात. समोरून सोडल्या, तर गाल आणि हनुवटी होती तशी भरून येते, पण कानाकडचा भाग हलका राहतो आणि कडक काही चावता येत नाही. लंब सोडल्या, तर सगळा जबडा सारखा मजबूत होतो, पण गाल बसतो आणि चेहरा ओळखीचा राहत नाही. थोडक्यात, चेहरा हवा की चावणं हवं ते ठरवायचं.

ते ठरवायचा हक्क पेशंटचा. तसा नियमच होता, आणि लोक तो हौसेनं बजावायचे. शेतात राबणारे बहुतेक लंब सांगायचे. एका नगरसेवकानं समोरून घेतलं, कारण फ्लेक्सवर माणूस समोरूनच दिसतो. कोल्हापूरच्या एका बाईनं तर चांगला धडधाकट जबडा काढून नवा बसवून मिळेल का, अशी चौकशी केली. मुलाच्या लग्नात फोटो निघणार होते. त्रिशला असल्या गोष्टी घरी जेवताना सांगायची आणि अभिनंदन पोट धरून हसायचा. जेवण झालं, की त्याच्या डाव्या गालात तंबाखू-माव्याचा तोबरा जायचा.

तोबऱ्यानं शेवटी डाव घेतला. डाव्या जबड्यात गाठ झाली, मिरजेच्या दवाखान्यात अर्धा जबडा काढून टाकावा लागला. जीव वाचला, पण तोंडाचा एक भाग घर पडल्यावर भिंत बसते तसा आत बसला. शब्द फुटेना. ताक, पेज, वरणाचं पाणी, सगळं नळीनं. दुकानात गिऱ्हाईक आलं की अभिनंदन तोंडावर टॉवेल धरून आतल्या खोलीत जायचा आणि ते गेल्याशिवाय बाहेर यायचा नाही. हाच माणूस आधी रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून चहाला बसवायचा. त्रिशलाला ते बघवत नव्हतं.

जखम पुरती भरल्यावर डॉक्टर बिवलकर बाईंचा फोन आला.

"त्रिशलाताई, तुकड्याचं काम तुमच्याकडेच येईल. घरचं माणूस आहे, जमेल ना? नाहीतर दुसऱ्या कुणाला देते."

"मीच करतो, मॅडम," त्रिशला म्हणाली. त्या भागातल्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, आणि मिरजेत इतकी वर्षं काढलेल्या बिवलकर बाईंना त्याची सवय झाली होती.

"बरं. दिशा त्यांना विचारा आणि उद्या कळवा. समोरून की लंब, दोन्हींचं नीट समजावून सांगा."

त्या संध्याकाळी ती विचारायच्या तयारीनंच घरी आली. अभिनंदन भिंतीकडं तोंड करून एक प्रभावळ घासत बसला होता. ती बोलायला लागणार, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक दिली आणि तो टॉवेल उचलून आत गेला. त्रिशला उंबऱ्यात उभी राहिली. यात विचारायचं काय, असं तिला वाटलं. ज्याला माणसांत बसल्याशिवाय अन्न गोड लागत नव्हतं, त्याला चेहराच पाहिजे असणार. शिवाय आयुष्यभर हाताला लागलेलं वळण होतंच, आधी समोरचं. दुसऱ्या दिवशी तिनं बिवलकर बाईंना फोन केला.

"विचारलं, मॅडम. समोरून म्हणाले."

शेडमध्ये मशीन चालवायला इर्शाद मुल्ला होता. प्रोग्रॅम मशीनवर घेतल्यावर तो थबकला.

"वहिनी, दिशा समोरनं आहे. लंब करायचं विसरलाय काय?"

"विसरलो नाही. तसंच पायजे."

"दादांना चावायला..."

"इर्शाद, तसंच पायजे म्हटलं न्हवं?"

इर्शादनं बटण दाबलं.

चेहरा आला. हळूहळू आला, पण आला. आधी हनुवटीची कड दिसायला लागली, मग गालाचा खड्डा भरत गेला, मग एका सकाळी अभिनंदन दाढी करताना आरशासमोर थांबला आणि बराच वेळ हललाच नाही. वाचाही सुधारली. टॉवेल सुटला. तो दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागला आणि आख्खी गल्ली बघायला लोटली. कुणी गालाला हात लावून बघितला, कुणी मोबाइलमधला जुना फोटो शेजारी धरला. "होता तसाच की रं!" म्हणून म्हातारे थक्क झाले. त्रिशला आतून ऐकत होती. तिला इतका आनंद झाला, की चुलीवरचं दूध उतू गेलं ते वासानंच कळलं.

फक्त भाकरी जमेना. अभिनंदन जोंधळ्याच्या कडक भाकरीचा शौकीन. पापुद्रा कुरकुर वाजला पाहिजे, नाहीतर ताट सरकवायचा. आता घास कुठल्याही बाजूनं चावला, तरी डाव्या कानाखाली कळ यायची. त्यानं चार-सहा वेळा प्रयत्न केला आणि मग निमूटपणे भाकरी आमटीत कुस्करायला लागला.

"हाड कोवळं आहे अजून," त्रिशला म्हणाली. "सगळ्यांचं असंच असतंय सुरुवातीला."

खोटं एकदा बोललं, की दुसऱ्यासाठी वेगळं बळ लागत नाही.

दुसरी गोष्ट तिच्या एकटीच्याच ध्यानात आली. कारखान्यातून आल्यावर ती अजूनही दुकानातल्या कामाला हात लावायची. दोघांची बैठक शेजारीशेजारी, ती नेहमी त्याच्या डाव्या हाताला. लग्न झाल्यापासून तिनं नवरा पाहिला तो बहुतकरून असा, कामात मान घातलेला, कडेनं. एका दुपारी तिनं पक्कड मागायला मान वळवली. शेजारी कुणी भलताच माणूस बसला होता. कानापासून हनुवटीपर्यंतची जी भक्कम रेघ ती डोळे मिटून काढू शकली असती, ती नव्हतीच. तिथं चामडी आत ओढल्यासारखी सपाट उतरत होती. अभिनंदननं वळून पक्कड दिली, तेव्हा समोरून पुन्हा तोच, ओळखीचा. गावाला त्याचा माणूस मिळाला होता, आणि आपला कुठं गेला हे विचारायची तिला सोय नव्हती. तिनं पक्कड घेतली आणि कामाला लागली.

पुढच्या तपासणीला दोघं मिरजेला गेले. बाकावर शेजारी जयसिंगपूरचा एक गृहस्थ बसला होता, कोळी नावाचा. एक गाल चांगलाच बसलेला, तोंड एका अंगाला ओढलेलं, आणि स्वारी कागदाच्या पुडीतले फुटाणे कडाकडा खात होती.

"घ्या," त्यानं पुडी अभिनंदनपुढं केली.

"मला न्हाई जमत. हाड कोवळं आहे."

"कधी बसवलंय?" कोळींनी विचारलं, आणि अभिनंदननं सांगितल्यावर मान हलवली. "माझं तुमच्या मागनं झालंय की हो. मी उसाचं कांडं सोलतोय दातानं. गाल बसला, बसू दे. पोरीनं विचारलं, आप्पा, समोरून घेणार का लंब? म्हटलं, लंब. मला काय आता नवरदेव व्हायचंय? तुम्ही काय सांगितलंसा?"

"कशाचं काय सांगितलं?" अभिनंदन म्हणाला.

कोळींनी त्याच्याकडं बघितलं, मग त्रिशलाकडं, आणि पुडी मिटून खिशात घातली. तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं म्हणून बरं झालं.

परतताना अंकलीच्या पुलाच्या अलीकडं अभिनंदननं गाडी बाजूला घेतली आणि उतरून उभा राहिला.

"ते कोळी काय म्हणत होते?"

त्रिशलानं सगळं सांगितलं. समोरून, लंब, बिवलकर बाईंचा फोन, तिनं दिलेलं उत्तर. सांगताना काही झाकलं नाही, कारण झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"मला विचारायला काय झालं होतं?"

"तुम्हाला बोलायला येत नव्हतं."

"मान हलत होती की माझी."

मागनं उसाचे ट्रॅक्टर धडधडत गेले. अभिनंदननं आपल्या गालावरून हात फिरवला, कानापर्यंत नेला आणि तिथं पोकळ जागेवर थांबवला.

"मुखवटा केलास गं तू माझा," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

घरात अबोला धरला नाही कुणी. चहा दे, गाडीची चावी कुठं आहे, लाइट बिल भरलंस का, सगळं चाललं होतं. पण अभिनंदन आता दुकानाच्या दारात बसत नसे. लोकांनी चेहऱ्याचं कौतुक केलं, की उठून आत जायचा. त्रिशलाला पहिल्यांदा लाज वाटली, मग भीती. हा माणूस आपल्याकडं बघून पुन्हा कधी हसणार नाही, याची भीती. शेवटी तिनं मिरजेला फोन लावला आणि बिवलकर बाईंना खरं ते सांगितलं.

"त्रिशलाताई, हे मला तुमच्या कारखान्याच्या मालकांना कळवावं लागेल."

"कळवा, मॅडम."

"यापुढं घरच्यांचं काम तुमच्याकडं येणार नाही. आता ऐका. अजून सिरॅमिक बरंच शिल्लक आहे. आत्ता उघडलं, तर तुकडा काढून दुसरा बसवता येईल. उन्हाळा गेला की हाड पक्कं होईल, मग हात लावता येणार नाही. पण पुन्हा ऑपरेशन, पुन्हा नळी, पुन्हा वर्षभर थांबायचं. आणि लंब घेतलं तर आत्ता आलेला चेहरा जाईल. त्यांना घेऊन या. या वेळी मी स्वतः विचारणार."

बिवलकर बाईंनी स्वतः विचारलं, दोनदा विचारलं. अभिनंदन म्हणाला, ऑपरेशन करायचं. दिशा कुठली, ते पडद्यावर बघितल्याशिवाय सांगणार नाही. आणि रेघा हिच्याच हातच्या पाहिजेत.

"नियमात बसत नाही," बाई म्हणाल्या.

"बसवा. ह्या कामात हिच्यासारखा हात दुसरा न्हाई, हे तुम्हाला पण ठाऊक आहे. दिशेचं बटण तेवढं मी दाबतो."

बाईंनी मालकांशी बोलून ते बसवलं.

म्हणून मग अभिनंदन पायात प्लास्टिकच्या पिशव्या घालून पहिल्यांदाच शेडमध्ये आला. इर्शादनं त्याला खुर्ची दिली आणि मशीनजवळ जाऊन उभा राहिला. पडद्यावर जबड्याचा तुकडा तरंगत होता. त्रिशलानं 'समोरून' निवडून दाखवलं. रेघा पुढच्या भागावर गर्दी करून बसल्या आणि कडेला पांगल्या. मग 'लंब' निवडलं. रेघा सगळीकडं सारख्या पसरल्या. ती एकेक गोष्ट सांगत गेली. गाल किती बसेल, तोंड किती ओढलं जाईल, कळ कुठं येणार नाही. एकही गोष्ट गोड करून सांगितली नाही. अभिनंदन लहान पोरानं धडा ऐकावा तसा मान डोलवत ऐकत होता.

"हे असं तू रोज करतीस?"

"रोज."

"एक सांगू? त्या वेळी तू विचारलं असतंस न्हवं, तर मीपण समोरूनच म्हटलं असतं."

त्रिशलाचा माऊसवरचा हात थांबला. एवढे महिने ती जे स्वतःला समजावत होती ते खरंच निघालं, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

"मग एवढं कशाला..."

"मी म्हटलं असतं, त्रिशला. मी. मग भाकरी कुस्करताना म्हटलं असतं, आपणच मागून घेतलंय, गिळ आता."

इर्शाद उगाच एक स्वच्छ पाना पुसत राहिला.

"आणि आता?" तिनं विचारलं. "आता काय पायजे तुम्हाला?"

अभिनंदननं पडद्याकडं नीट बघून घेतलं.

"आता लंब."

"हा चेहरा जाईल. हा आहे तो. पुन्हा आणता यायचा नाही."

"लोकांनी चार दिवस बघितला आणि आपापल्या कामाला लागले. भाकरी मला रोज खायचीय." तो तिच्याकडं वळला. "तुझं काय? तुला चालेल?"

हे त्यानं का विचारलं, तिला कळलं. तिनं न विचारल्याचा सूड म्हणून नव्हे, तर विचारायचं असतं म्हणून. तिला रडू फुटलं, आणि ते तिनं दाबलं नाही.

"चालेल," ती म्हणाली. "मला नाही आवडायचं सुरुवातीला. पण चालेल."

"मग झालं तर. कुठं दाबायचं?"

तिनं दाखवलं. त्यानं बोट ठेवलं आणि दाबलं. प्रोग्रॅम मशीनवर गेला, इर्शादनं तुकडा बांधला, झडप लावली आणि त्रिशलाकडं बघितलं. तिनं मान हलवल्यावर मशीन सुरू झालं. एरवी असल्या वेळी ती काचेला नाक लावून उभी असायची. पहिल्या फेरीत हत्यार तुटलं तर सगळा तुकडा वाया जातो. आज तिनं ते इर्शादवर सोडलं. खुर्ची उचलली, वळसा घालून आली आणि नवऱ्याच्या पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली.

"काय बघायलीस?" अभिनंदननं विचारलं.

"बघू दे की. पुढच्या महिन्यात नसणाराय हा."

आतमध्ये हत्यार बारीक आवाज करत रेघेमागून रेघ ओढत होतं. अभिनंदननं चेहरा सरळ तिच्याकडं केला आणि मशीन थांबेपर्यंत तसाच धरला.